गुडघा न बदलता : पाय सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लेख लिहावयाचा म्हटले, की लसीकरण, बाळाचा आहार किंवा मुलांचा अभ्यास यांपैकी एखादा विषय अपेक्षित असतो. या वर्षी मात्र मी माझ्या शाखेची वेस ओलांडून गुडघ्याविषयी लिहीत आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, हैदराबादेतील आपल्या मराठी मंडळींत, मग ती काचीगुड्याची जुनी घराणी असोत वा नोकरीनिमित्त अलीकडे आलेली कुटुंबे असोत, पन्नाशीच्या आसपास गुडघ्याचा विषय हटकून निघतो आणि त्या बोलण्यात ‘वाटी बदलणे’ याखेरीज दुसऱ्या शस्त्रक्रियेचे नाव क्वचितच ऐकू येते. दुसरे कारण व्यक्तिगत आहे. जानेवारी २०१९ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, माझ्या उजव्या पायावर सांधा न बदलता पायाची रेषा सरळ करण्याची शस्त्रक्रिया झाली. तिचे वैद्यकीय नाव हाय टिबियल ऑस्टिओटॉमी. म्हणजे नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून, योग्य कोनात वळवून पुन्हा स्थिर करणे. डॉक्टर म्हणून जे वाचले होते आणि रुग्ण म्हणून जे अनुभवले, त्या दोहोंत बरेच अंतर होते. ते अंतर वाचकांसाठी थोडे कमी करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बालकांपासून सुरुवात

या विषयात बालरोगतज्ज्ञाने डोकावणे तसे वावगे नाही. ‘ऑर्थोपेडिक्स’ हा शब्दच मुळी मुलांसाठी जन्माला आला. फ्रेंच वैद्य निकोलस आंद्री यांनी १७४१ मध्ये ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडविला. वाकडे वाढणारे झाड खांबाला दोरीने बांधून सरळ करण्याचे त्यांच्या ग्रंथातील चित्र आजही जगभरातील अस्थिरोग संघटनांचे बोधचिन्ह आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात ग्लासगो शहरातील गिरण्यांच्या धुरात आणि अंधाऱ्या चाळींत मुडदुसाने हजारो मुलांचे पाय वाकले. त्यांची हाडे निर्जंतुक पद्धतीने कापून सरळ करण्याचे शास्त्र सर विल्यम मॅकेवेन यांनी बसविले व १८८० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. गुडघ्याच्या संधिवातासाठी प्रौढांत नडगीचे हाड कापण्याची पद्धत मात्र विसाव्या शतकातील आहे. ब्रिटनमधील जॅक्सन व वॉ यांनी १९६१ मध्ये आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या कॉव्हेन्ट्री यांनी १९६५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या शहराचेही या विषयाशी नाते आहे. फ्लोराइडयुक्त पाण्याच्या प्रदेशातील तरुणांचे गुडघे आत वळून एकमेकांना लागतात, ही बाब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आणली.

माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या काळजीसाठी येथेच थोडे सांगते. नवजात बाळाचे पाय स्वभावतःच धनुष्यासारखे असतात. दीड ते दोन वर्षांपर्यंत ते सरळ होतात, तीन वर्षांच्या सुमारास उलट गुडघे जवळ येऊन घोटे दूर जातात आणि सातव्या वर्षापर्यंत पायाला बहुधा प्रौढाचे वळण येते. सालेनियस व वांक्का या फिनलंडच्या दोघा डॉक्टरांनी १९७५ मध्ये हा क्रम मोजमापासह दाखवून दिला. त्यामुळे तेलाने चोळून किंवा पट्ट्या बांधून पाय सरळ करण्याची गरज नसते. मात्र दोन वर्षांनंतर बाक वाढत असेल, एकच पाय वाकडा असेल, सात वर्षांनंतरही गुडघे घासत असतील किंवा मुलाची उंची खुंटली असेल, तर तपासणी अवश्य करावी. वाढ शिल्लक असलेल्या मुलात हाड कापावे लागेलच असे नाही. वाढीच्या चकतीच्या एका बाजूला दोन स्क्रूंची छोटी पट्टी बसविली, की ती बाजू थांबते, दुसरी वाढते आणि पाय हळूहळू सरळ होतो. आंद्रींच्या खांबाचेच हे आधुनिक रूप म्हणावयाचे. वाढ संपली की हा मार्ग बंद होतो. मग हाड कापण्यावाचून गत्यंतर नसते.

रेषा बिघडते म्हणजे काय?

खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ रेषा कल्पावी. शरीराचा भार या रेषेने खाली उतरतो. निरोगी पायात ती गुडघ्याच्या जवळजवळ मध्यातून जाते, तरीही चालताना निम्म्याहून अधिक भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडतो. पाय थोडा फेंगडा झाला की ही रेषा आत सरकते. आतली कूर्चा झिजते, झिजल्यामुळे पाय आणखी वाकतो आणि वाकल्यामुळे आणखी झिजते. या दुष्टचक्रात बाहेरची बाजू मात्र पुष्कळदा शाबूत असते. चारचाकी गाडीच्या चाकांची दिशा बिघडली तर टायर एकाच कडेला झिजतो. नवा टायर घालण्यापूर्वी चाकांची दिशा नीट करणे शहाणपणाचे असते. शस्त्रक्रियेमागील विचार एवढाच आहे.

माझ्या बाबतीत विद्यार्थिदशेतील एका पडण्याने गुडघ्यातील आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली होती आणि ती बहुतांशी काढून टाकावी लागली होती. पंचवीस वर्षे तिचा विसर पडला. पंचेचाळिशीनंतर जिने उतरताना गुडघा बोलू लागला. पन्नाशीला पोहोचेपर्यंत दवाखान्यातून घरी जाताना लंगडत चालणे, रात्री कूस बदलताना जाग येणे, रांगणाऱ्या मुलासमोर खाली बसून त्याची तपासणी करणे अशक्य होणे, इथवर मजल गेली. माझा व्यवसाय गुडघ्यांवर उभा आहे, हे मला त्या वर्षी उमगले.

बदलावा की वळवावा?

‘वाटी बदलली’ असे आपण म्हणतो, तेव्हा वाटी बदललेली नसतेच. सांध्याचे मांडीकडील व नडगीकडील दोन्ही पृष्ठभाग कापून त्यांवर धातू व प्लास्टिकचे आवरण बसविलेले असते. ही शस्त्रक्रिया उत्तम आहे आणि साठी-सत्तरीच्या असंख्य रुग्णांना तिने पुन्हा चालते केले आहे, यात शंका नाही. प्रश्न वयाचा असतो. ब्रिटनमधील एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांत उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत आढळली. स्त्रियांत हे प्रमाण काहीसे कमी होते. एक्कावन्नाव्या वर्षी हा आकडा वाचताना तो केवळ आकडा राहात नाही.

ऑस्टिओटॉमी कोणाला लाभते, याचे निकष बऱ्यापैकी ठरलेले आहेत. वय साधारणतः साठीच्या आत, झीज गुडघ्याच्या एकाच बाजूला, पायाला बाक, गुडघा पुरेसा वाकणारा व जवळजवळ पूर्ण सरळ होणारा, वजन आटोक्यात आणि चालण्या-फिरण्याची आवड किंवा गरज असलेला रुग्ण. आमवातासारखा सर्व सांध्यांना ग्रासणारा आजार असेल, दोन्ही बाजू झिजल्या असतील किंवा गुडघा आखडला असेल, तर ही शस्त्रक्रिया योग्य नव्हे. तंबाखू व धूम्रपान हे हाड जुळण्याचे वैरी आहेत. ते सोडण्याची तयारी नसेल तर बहुतेक शल्यचिकित्सक नकार देतात, आणि ते रास्तच आहे. ज्यांचे गुडघे आत वळून एकमेकांना घासतात, त्यांच्यात पुष्कळदा नडगीऐवजी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी छेद घ्यावा लागतो.

शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे २००५ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात दिसले. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि जरूर तेव्हा वेदनाशामक औषधे यांना किमान काही महिने प्रामाणिक संधी द्यावी. मी दीड वर्ष दिली आणि सहा किलो वजन उतरविले. वेदना घटली, परंतु बाक तसाच राहिला.

शस्त्रक्रियेच्या आधी व त्या दिवशी

सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे उभ्याने काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा संपूर्ण पायाचा एक्स-रे. आडवे झोपून काढलेल्या गुडघ्याच्या छोट्या एक्स-रेवर ही शस्त्रक्रिया ठरविता येत नाही. गादी, कूर्चा व अस्थिबंध पाहण्यासाठी एमआरआय करतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणतात. मी ‘ड’ जीवनसत्त्वही तपासून घेतले. आयुष्यभर इतरांच्या मुलांना त्याचे थेंब लिहून देणाऱ्या माझ्या स्वतःच्या रक्तात ते निम्मेही नव्हते! भर उन्हाच्या शहरात राहून घराबाहेर न पडणाऱ्या आपणा सर्वांनी यावरून बोध घ्यावा.

शस्त्रक्रिया कण्यात दिलेल्या भुलीखाली, साधारणतः एक ते दोन तासांत होते. गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला काही सेंटिमीटरचा छेद घेतात. एक्स-रेच्या पडद्यावर पाहात नडगीचे हाड आतून बाहेरच्या दिशेने कापतात. परंतु पलीकडची सुमारे एक सेंटिमीटर कड अखंड ठेवतात. ती बिजागरीसारखी काम करते. मग फट हळूहळू, मिलिमीटर मोजत उघडतात. फट मोठी असल्यास तीत रुग्णाच्या कमरेचे हाड किंवा कृत्रिम अस्थिद्रव्य भरतात, लहान असल्यास पुष्कळदा रिकामीही ठेवतात. शरीर ती स्वतः भरून काढते. शेवटी टायटॅनियमची पट्टी स्क्रूंनी घट्ट बसवितात. माझी फट नऊ मिलिमीटरची होती. नऊ मिलिमीटर म्हणजे आपल्या करंगळीच्या रुंदीहूनही कमी. पण भाराची रेषा झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूवर नेण्यास तेवढे पुरेसे होते.

पहिले सहा आठवडे

पुस्तकांत या काळासाठी दोन ओळी असतात. रुग्णाला तो दोन वर्षांसारखा वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

भूल उतरल्यानंतरची पहिली रात्र आणि त्यानंतरचा दिवस सर्वांत कठीण. हाड कापल्याची वेदना खोल, ठसठसणारी असते. औषध वेदना शिगेला पोहोचल्यावर नव्हे, तर ठरलेल्या वेळी घ्यावे, हे मी माझ्या परिचारिकेकडून शिकले. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभे करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी पाठवितात. घरी आल्यावर पोटरीपासून घोट्यापर्यंत त्वचा काळी-निळी झाली. छेदाच्या जागेचे रक्त खाली उतरते म्हणून असे होते, हे ठाऊक असूनही ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. ज्यांना हे कोणी सांगितलेले नसते त्यांचे काय होत असेल? नुसता काळानिळा डाग घाबरण्यासारखा नसतो. परंतु पोटरी घट्ट होऊन दुखणे, धाप लागणे, ताप येणे, जखमेतून स्राव होणे किंवा पावलाची संवेदना जाणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

भार किती टाकावयाचा, हे प्रत्येक शल्यचिकित्सक पट्टी, फट व हाडाची प्रत पाहून ठरवितो. मला पहिले चार आठवडे केवळ १५ ते २० किलो भाराची परवानगी होती. तो अंदाज येण्यासाठी घरातील वजनकाट्यावर पाऊल दाबून सराव करावयाचा. काटा वीसला थांबविणे किती अवघड, हे करून पाहिल्यावरच कळते. घोटा वर-खाली करणे, मांडीचा स्नायू आवळून धरणे, पाय सरळ ठेवून उचलणे आणि गुडघा रोज थोडा अधिक वाकविणे, हे व्यायाम दिवसातून चार वेळा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काही दिवस औषध द्यावे लागते.

घराची तयारी आधीच करावी. कमोड, न्हाणीघरात आधाराची दांडी व घट्ट खुर्ची, जमिनीवरची सुटी सतरंजी गुंडाळून ठेवणे, वरच्या मजल्यावरची खोली काही काळ विसरणे. दोन्ही हातांत कुबड्या असताना चहाचा कप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही, ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नसते. माझी ७८ वर्षांची आई तो कप आणून देई. तिच्या म्हातारपणी मी तिची काठी व्हावयाचे, तर तीच माझ्या उशाशी बसली, याचे मला त्या दिवसांत फार वाटे. तिसऱ्या आठवड्यात मन खरोखर खचले. वेदना कमी झाली होती, पण प्रगती दिसत नव्हती. आपण उगाच चालता पाय कापून घेतला, असे वाटू लागले. पुढे याच शस्त्रक्रियेतून गेलेल्या अनेकांशी बोलले. बहुतेकांना हा तिसरा-चौथा आठवडा आठवतो. नातेवाइकांनी तो ओळखावा आणि रुग्णाला धीर द्यावा.

पुढचे वर्ष

सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेनंतर मला पूर्ण भार टाकण्याची मुभा मिळाली. आधी दोन कुबड्या, मग एक, मग काठी. बैठे काम तीन ते सहा आठवड्यांत सुरू करता येते. मी पाचव्या आठवड्यापासून रोज दोन तास बसू लागले. उजवा पाय असल्याने मोटार चालविण्यास दोन महिने थांबले. हाड पूर्ण जुळण्यास तीन ते सहा महिने लागतात. श्रमाची कामे तोवर करू नयेत. संध्याकाळी पाय सुजणे कित्येक महिने चालते. मांडीचा स्नायू रोडावतो आणि तो भरून येण्यास हाडापेक्षाही अधिक वेळ लागतो. शस्त्रक्रियेचा खरा लाभ कळण्यास वर्ष जाऊ द्यावे.

पट्टी त्वचेखालीच असल्याने अनेकांना ती खुपते. हाड पक्के झाल्यावर, साधारणतः वर्ष-दीड वर्षाने, ती काढता येते. म्हणजे दुसरी, छोटी शस्त्रक्रिया मनात धरूनच चालावे. माझी पट्टी २०२० च्या उन्हाळ्यात काढावयाची होती. कोरोनाच्या साथीमुळे ती फेब्रुवारी २०२१ मध्ये निघाली. तिच्यासकट मी ते सारे साथीचे वर्ष उभे राहून काम केले, हीच तिची परीक्षा समजावयाची.

धोके आणि मर्यादा

जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, बिजागरीजवळ हाडाला तडा जाणे, हाड उशिरा जुळणे किंवा न जुळणे, अपेक्षेपेक्षा कमी-अधिक वळण होणे, क्वचित नस वा रक्तवाहिनीला इजा, हे धोके आहेत. गंभीर गुंतागुंत थोड्यांनाच होते. तरी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते समजून घ्यावेत.

झिजलेली कूर्चा या शस्त्रक्रियेने पूर्ववत होत नाही. तिच्यावरचा भार कमी होतो. त्यामुळे वेदना पुष्कळ घटते, पण गुडघा विशीतला होत नाही. पाय दुसऱ्या पायाहून थोडा वेगळा, किंचित बाहेर वळल्यासारखा दिसतो आणि काही मिलिमीटर लांबही होऊ शकतो. चपला निराळ्या झिजू लागतात. दहा वर्षांनंतरही सांधा बदलावा न लागलेले रुग्ण निरनिराळ्या अभ्यासांत साधारणतः दहापैकी सात ते नऊ आढळतात. पुढे सांधा बदलावा लागलाच, तर तो बदलता येतो; शल्यचिकित्सकाला थोडे अधिक कष्ट पडतात, इतकेच. आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न असतो, ‘मांडी घालून बसता येईल का?’ सांधा स्वतःचाच राहात असल्याने, शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा चांगला वाकत असेल, तर हाड जुळल्यावर अनेकांना तसे बसता येते. मला येते, पण अर्ध्या तासाने उठावे लागते. उकिडवे बसणे मी सोडले आहे.

शल्यचिकित्सकाला विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या गुडघ्याची झीज एकाच बाजूला आहे का? उभ्याने काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे पाहिला का?
२. किती अंशांचे वळण देणार? फट कशाने भरणार?
३. अर्धा सांधा बदलणे, पूर्ण सांधा बदलणे आणि ही शस्त्रक्रिया, यांपैकी माझ्या वयाला व कामाला काय योग्य, आणि का?
४. पूर्ण भार केव्हा टाकता येईल? कामावर केव्हा जाता येईल?
५. पट्टी काढावी लागल्यास खर्च व रजा किती?
६. ही शस्त्रक्रिया आपण नियमितपणे करता का?

शेवटचा प्रश्न विचारण्यास आपले लोक संकोचतात. संकोचू नये. ही शस्त्रक्रिया सांधाबदलाइतकी सर्रास होत नाही आणि तिचे यश काही अंशांच्या अचूकतेवर अवलंबून असते. चांगल्या शल्यचिकित्सकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. पंचेचाळीस-पन्नाशीचा रुग्ण गुडघा दुखतो म्हणून आला, की त्याला केवळ गोळ्या देऊन ‘साठीनंतर पाहू’ असे म्हणू नये. किंवा थेट सांधाबदलाकडेही पाठवू नये. त्याला आधी उभे करून त्याचे पाय पाहावेत. रेषा वाकडी असेल आणि गुडघ्याची दुसरी बाजू शाबूत असेल, तर हा तिसरा मार्ग त्याच्यासाठी खुला आहे. झीज दुसऱ्या बाजूला पसरली की तो मार्ग बंद होतो, म्हणून त्याची माहिती रुग्णाला वेळेत मिळावी.